पंधराचे एकवीस

प्रश्न साधा होता. ताशी पंधरा डॉलर पगार आहे, सहा टक्के वाढ मिळाली, तर नवा पगार किती? मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. रात्रभर सुपरमार्केटमध्ये माल लावून सकाळी थेट आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या, शिकवणी केंद्रात आलेला. जॅकेटला पुठ्ठ्याचा वास, खोक्यांच्या चिकटपट्ट्या कापून कापून बोटांवर पडलेले बारीक चिरे. त्याने गणित आधी फोनवर केलं, मग केंद्रातल्या कॅल्क्युलेटरवर. दोन्हीकडे वेगळं उत्तर आलं, तेव्हा दोन्ही पडदे माझ्यापुढे धरून म्हणाला, "मिस, यातलं खरं कुठलं?" मी म्हटलं, दोन्ही बाजूला ठेव आणि अंदाजे किती यावं ते सांग. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "एकवीस?"

पंधरा आणि सहा एकवीस.

शंभर डॉलरवर सहा डॉलर, तर दहावर किती, असं विचारत गेले तेव्हा साठ सेंट, पाचावर तीस, म्हणजे नव्वद सेंट, हे त्याचं त्यानेच काढलं. पुढची तीन गणितं माझ्या मदतीशिवाय सोडवली. डोक्यात काही कमी नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. निघताना त्याने फोनवर हायस्कूलचं गुणपत्रक उघडून दाखवलं. अल्जेब्रा टू, ग्रेड बी. "बी होता मला," तो म्हणाला, "मग मला हे येत नाही असं कुणी सांगितलं कसं नाही?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. बसची वेळ विचारावी तसं विचारत होता. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले. तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही, स्वयंपाक करताना, गाडी चालवताना मध्येच वर येतो.

कारण खरं सांगायचं तर त्याला एकदा सांगितलं गेलं होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, जिथे मी राहते, दहावीतल्या मुलांची राज्याची परीक्षा असते, एमकॅस म्हणतात तिला. इंग्रजी, गणित आणि विज्ञान. ही परीक्षा पास झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा नाही, असा वीसेक वर्षांचा कायदा होता. हा मुलगा गणितात नापास झाला होता. शाळेने त्याला जादा तासाला बसवलं, बारावीच्या नोव्हेंबरात पुन्हा परीक्षा द्यायची ठरलं. त्याच नोव्हेंबरात, २०२४ साली, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या मतपत्रिकेवर 'प्रश्न क्रमांक २' होता: डिप्लोमासाठी एमकॅसची अट काढून टाकायची का? राज्यातल्या ५९ टक्के मतदारांनी हो म्हटलं. त्यानंतर तो जादा तास बंद पडला, असं तो म्हणाला. अटच गेली, तर शिक्षकांचा वेळ कशाला? जून महिन्यात त्याला टोपी-झगा मिळाला, आई रडली, सगळं झालं. परीक्षा रद्द झालेली नाही, हे इथे अनेकांना ठाऊक नसतं. केंद्र सरकारच्या कायद्यानुसार हायस्कूलमध्ये एकदा तरी राज्याची परीक्षा घ्यावीच लागते. एमकॅस अजूनही होते, निकालाचा कागद अजूनही घरी येतो. फक्त त्या कागदाने आता काही अडत नाही, आणि ज्याने काही अडत नाही असा कागद किती घरांत उघडून वाचला जातो ते सांगायला नको.

'दहावी' हा शब्द उच्चारला की माझ्या पोटात अजून हलतं. मुलगी इथे दहावीत गेली त्या वर्षी आईने फोनवर विचारलं, "मग यंदा टीव्ही बंद ना?" तिला कसं सांगू की इथे दहावीतली पोरं राज्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी सॉकर खेळून येतात. आमच्याकडे मार्च म्हणजे खिडक्यांना पडदे, देवापुढे ठेवलेलं हॉलतिकीट, सेंटरवर दही-साखर खाऊन जाणं, आणि सेंटर गावाबाहेरचं असलं तर भिंतीवर चढून कॉप्या पुरवणारे भाऊ आणि मामा. मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढले. आमच्या वाड्यात एक ताई होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. ती दहावीला इंग्रजीत गेली. मग ऑक्टोबर, मग मार्च, मग पुन्हा ऑक्टोबर. गल्लीतल्या बायकांची भिशी ती चालवायची. कुणाचे किती हप्ते राहिले, कुणी उचल आधी घेतली, व्याजाचा हिशेब कसा फिरवायचा, हे सगळं तिच्या तोंडावर असायचं, कागद लागायचाच नाही. पण इंग्रजीच्या पस्तीस गुणांपाशी तिची गाडी जी अडली ती अडलीच. लग्नाच्या पत्रिकेबरोबर फिरणाऱ्या माहितीत तिच्या वडिलांनी 'शिक्षण : दहावी' एवढंच लिहिलं, पुढचा शब्द गाळून. सगळ्या पाहुण्यांना तो गाळलेला शब्द बरोबर वाचता यायचा.

म्हणजे मी अशा ठिकाणाहून आलेय जिथे परीक्षा खरं सांगत होती की नाही कोण जाणे, पण जे सांगायची ते गावभर ऐकू जाईल असं सांगायची. आणि आता अशा ठिकाणी आलेय जिथे कुणी कुणाला काही सांगतच नाही.

इथे आल्यावर बरीच वर्षं माझं मत ठाम होतं. एमकॅसला इथली शिक्षक मंडळी नावं ठेवायची तेव्हा मला हसू यायचं. वेळेचं बंधन नाही, सकाळी बसलात तर शाळा सुटेपर्यंत लिहा. नापास झालात तर पुन्हा द्या, परत पुन्हा द्या. नुकत्याच आलेल्या मुलांना गणिताचा पेपर स्पॅनिशमध्येही मिळतो. याला परीक्षा म्हणायचं? आमच्याकडे तीन तास झाले की पर्यवेक्षक हातातून उत्तरपत्रिका ओढून घ्यायचे. मग केंद्रावर एक मुलगी आली. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरची. तेराव्या-चौदाव्या वर्षी आईबरोबर इथे आलेली, घरी क्रियोल, तिकडच्या शाळेत पोर्तुगीज, इथे इंग्रजी. हायस्कूलचे सगळे विषय पास, हजेरी चोख, गणितात तर माझ्याहून वेगवान. इंग्रजीची एमकॅस मात्र शेवटपर्यंत निघाली नाही. वर्गातल्या इतरांना व्यासपीठावर डिप्लोमा मिळाला, तिला मिळालं एक प्रमाणपत्र, ज्यावर लिहिलं होतं की हिने शाळेच्या अपेक्षा पूर्ण केल्या आहेत. त्या प्रमाणपत्रावर केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही. डिप्लोमा हवा, नाहीतर त्याच्या बरोबरीची जीईडी किंवा हायसेट परीक्षा हवी. ती आमच्याकडे हायसेटच्या तयारीला यायची. दुपारी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालून, संध्याकाळी केसांना साबणाचा वास घेऊन. निबंधातली क्रियापदं सुधारताना एकदा मला एकदम वाड्यातली ताई दिसली. तोच पस्तीसचा खांब, फक्त देश वेगळा.

अशी मुलं किती? 'प्रश्न २' च्या प्रचारात सतत ऐकू येणारा आकडा होता वर्षाला साधारण ७००, म्हणजे हायस्कूल संपवणाऱ्या एकूण मुलांच्या एक टक्क्याच्या आसपास, जी फक्त या परीक्षेपायी डिप्लोमाला मुकत. त्यात नवं इंग्रजी शिकणारी आणि विशेष गरजा असलेली मुलं जास्त. एक टक्का म्हणजे थोडीच, असं म्हणणारे होते. मला त्या सातशेतली एक माहीत होती, त्यामुळे माझा हिशेब बिघडला होता. पपे, मर्नेन आणि विलेट या तिघा संशोधकांनी याआधीच एक गोष्ट दाखवून दिली होती. गणितात अगदी काठावर नापास झालेली आणि अगदी काठावर पास झालेली मुलं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. दोघांच्या तयारीत तसा काहीच फरक नाही, एखाद्या गुणाचा खेळ. शहरातल्या गरीब घरांतल्या मुलांमध्ये त्या एका गुणाने वेळेवर डिप्लोमा मिळण्याची शक्यता ८ टक्क्यांनी खाली गेली. उपनगरांतल्या सुखवस्तू मुलांवर मात्र परिणाम दिसला नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. काठावरून घसरलेल्या पोराला ओढून घ्यायला कुणाकडे शिकवणी असते, कुणाकडे शाळेत जाऊन बसणारी आई असते, आणि कुणाची आई दोन पाळ्यांत काम करत असते.

तरीही मला ब्रॉकटन विसरता येत नाही. बॉस्टनच्या दक्षिणेला असलेलं, एकेकाळी बुटांच्या कारखान्यांचं गाव. ही सगळी परीक्षा आली कुठून, याचं मूळ तिथेच आहे. ब्रॉकटनसारख्या गरीब गावांतल्या विद्यार्थ्यांनी राज्यावर खटला भरला होता: आमच्या शाळा आमच्या गावाच्या घरपट्टीवर चालतात, गाव गरीब म्हणून शाळाही गरीब, हा न्याय नव्हे. १९९३ च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मुलांना शिकवणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे, गावाची ऐपत बघून ते टाळता येणार नाही. त्याच महिन्यात गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी शिक्षण सुधारणा कायद्यावर सही केली. सौदा सरळ होता. राज्य गरीब गावांना पैसे देईल, आणि बदल्यात मुलं खरोखर शिकली का ते तपासेल. १९९८ साली पहिली एमकॅस झाली, आणि २००३ च्या तुकडीपासून ती पास होणं सक्तीचं झालं. पहिल्या वर्षी ब्रॉकटन हायस्कूलमधली जवळपास तीन चतुर्थांश मुलं गणितात नापास. हजारो मुलांची अवाढव्य शाळा, आणि तोपर्यंत या मुलांकडून फारशी अपेक्षाच नसल्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. तो निकाल पाहून तिथले काही शिक्षक शनिवारी जमू लागले. पुढे ठरलं ते असं की वाचणं, लिहिणं, बोलणं आणि विचार मांडणं या चार गोष्टी शाळेतल्या प्रत्येक तासाला शिकवायच्या, मग तो गणिताचा असो नाहीतर व्यायामाचा. व्यायामशिक्षकांनी मुलांकडून परिच्छेद लिहून घेतले! काही वर्षांत त्या शाळेचं नाव देशभर झालं.

तिथे परीक्षेने मुलांना काही सांगितलं असं मला वाटत नाही. तिने मोठ्यांना सांगितलं, आणि असं सांगितलं की त्यांना ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय उरली नाही. माझ्या केंद्रावरच्या मुलाच्या बाबतीत नेमकं तेच राहून गेलं. बी ग्रेड देणाऱ्या शिक्षकाला मी दोष देत नाही. वर्गात तीस मुलं, त्यातली अर्धी रात्रपाळी करून आलेली, बी दिला नाही तर मुलगा शाळाच सोडेल ही भीती. दयेपोटी दिलेला बी असतो तो. आमच्याकडे आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरलं, तेव्हा गावातल्या मास्तरांनी त्याला एका झटक्यात ढकलगाडी असं नाव देऊन टाकलं होतं. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. ते म्हणायचे, ढकलगाडी ढकलायला हरकत नाही, पण मागून कुणीतरी ढकलतंय हे आत बसलेल्याला कळायला हवं. पुढे महाराष्ट्रानेच पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आणली, तेव्हा मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, "परीक्षा आणली, बरं केलं. नापास होईल त्याच्यासाठी मास्तर आणलाय का?"

'प्रश्न २' साठी राज्याकडून घरोघरी लाल मुखपृष्ठाची पुस्तिका आली होती. एका बाजूला शिक्षक संघटनेचं म्हणणं, समोर विरोधकांचं. खुद्द गव्हर्नर मोरा हीली अट काढण्याच्या विरोधात होत्या. मी ती पुस्तिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून दिली, चहाचे डाग पडेपर्यंत. कायद्याचं वाक्य मला पुन्हा पुन्हा खटकत होतं. परीक्षेच्या जागी यापुढे राज्याच्या अभ्यासक्रमावर प्रभुत्व मिळवल्याचं शाळेचा जिल्हा, म्हणजे त्या गावाच्या शाळा चालवणारं स्थानिक मंडळ, प्रमाणित करेल. म्हणजे तीनशेच्या वर जिल्हे, आणि प्रत्येकाची आपापली फूटपट्टी. हे अगदीच विचित्र नाही म्हणा. परीक्षा सोडली तर राज्याचा डिप्लोमासाठी आग्रह होता तो अमेरिकेचा इतिहास, नागरिकशास्त्र आणि व्यायाम यांचा. चार वर्षं इंग्रजी, चार वर्षं गणित, तीन वर्षं विज्ञान, अशी मॅसकोअर नावाची यादी होती, पण शिफारस म्हणून. मी शेवटी अट काढण्याच्या बाजूने मत दिलं. केप व्हर्दच्या मुलीसाठी दिलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुरतं समाधानही नाही.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत याच विषयावर गप्पा रंगल्या होत्या. गप्पा म्हणजे काय, पाच मिनिटं. "एमकॅस? ती कुठे कुणाला अडते?" असं एक जण म्हणाला आणि विषय रशियन मॅथकडे वळला. बॉस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: हे गणिताचे खासगी क्लास आहेत, संध्याकाळी त्यांच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं तर निम्मी संभाषणं मराठी, तेलुगू नाहीतर तमिळमध्ये ऐकू येतात. तिथून गाडी एसएटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेवर गेली. एमआयटीने २०२२ मध्येच एसएटी किंवा तिच्यासारखी एसीटी पुन्हा सक्तीची केली होती. हार्वर्डने २०२४ च्या एप्रिलमध्ये केली, आणि कारण दिलं की गुण बघितले तर साधनं नसलेल्या शाळांतली हुशार मुलं उलट जास्त ओळखता येतात. चकलीचा तुकडा हातात धरून मी ते ऐकत होते. एकाच राज्यात, एकाच वर्षी, केंब्रिजमधल्या हार्वर्डच्या वरच्या दारावर परीक्षा पुन्हा बसवली गेली आणि खालच्या दारावरची काढली गेली. वरच्या दारातून जाणाऱ्या मुलाला काय येतं हे जाणून घ्यायला सगळे उत्सुक. सुपरमार्केटमध्ये खोकी फोडणाऱ्या मुलाला काय येतं, याची उत्सुकता कुणाला नाही, आणि त्यालाच आपण दया म्हणतो. हे मी तिथे बोलले नाही. दिवाळी होती, आणि फराळ सुंदर झाला होता.

आता कम्युनिटी कॉलेज या राज्यात पदवी नसलेल्या सर्वांना मोफत आहे, २०२४ पासून. फार चांगली गोष्ट, आमच्या केंद्रात खुर्च्या पुरत नाहीत. पण मोफत काय झालं, तर फी. त्या मुलाचा वेळ मोफत नाही. टक्केवारी, अपूर्णांक, उणे संख्या हे सगळं तो झोप बाजूला ठेवून माझ्या टेबलावर शिकतोय. हेच शाळेत, दिवसाच्या उजेडात, वयाच्या सोळाव्या वर्षी शिकून झालं असतं. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. तारेत व्होल्टेज किती घटेल याचा हिशेब तिथे टक्क्यांतच असतो.

मतदानानंतर गव्हर्नरांनी नव्या अटी ठरवायला एक समिती नेमली. त्यांचा अंतरिम आराखडा २०२५ च्या डिसेंबरात आला. मॅसकोअरचे विषय सर्वांना, विषय संपला की राज्यानेच काढलेली आणि राज्यानेच तपासलेली परीक्षा, जोडीला एखादा प्रकल्प किंवा केलेल्या कामाचा संग्रह, आणि पैशाच्या व्यवहाराची तोंडओळख. म्हणजे मागच्या दाराने परीक्षा परत, असं म्हणून शिक्षक संघटना लगेच चिडली. आमच्या केंद्रात एक निवृत्त हायस्कूल शिक्षिका माझ्याबरोबर काम करतात, तीस वर्षं गणित शिकवलेल्या, संघटनेच्या कट्टर. त्या आराखड्यावरून आमचं कॉफीच्या यंत्रापाशी चांगलंच वाजलं. त्यांचं म्हणणं, पुन्हा तीच सातशे मुलं बाहेर पडतील. माझं म्हणणं, परीक्षा घ्या, निकाल मुलाच्या आणि आईच्या हातात द्या, त्यांच्या भाषेत समजावून सांगा, पण डिप्लोमा त्या एका आकड्याला बांधू नका. जादा तास मात्र बांधा. नापास मुलामागे इतके तास, इतके शिक्षक, आणि ते दिले नाहीत तर जाब शाळेला. "आणि शाळेने दिले नाहीत तर?" त्यांनी विचारलं, "ब्रॉकटनकडे आज शिक्षक आहेत का?" २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच ब्रॉकटन हायस्कूलमध्ये शिक्षकांची इतकी चणचण आणि मारामाऱ्या इतक्या, की गव्हर्नरनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, पाठवावं अशी मागणी शाळा समितीच्या चार सदस्यांनी पत्र लिहून केली होती. ते मला माहीत होतं. म्हणून मी म्हटलं, मग आधी त्याचे पैसे, मग परीक्षा. "ते १९९३ लाच ठरलं होतं," बाई म्हणाल्या, आणि कप धुवायला घेतला. मी म्हटलं, हो, म्हणून तर पुन्हा मागायला हवं. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही, तेवढ्यात दोघींच्याही टेबलांवर मुलं येऊन बसली होती.